गळ्यातला नाद, तोंडातला आकार

कुजबुजणाऱ्या माणसाच्या गळ्यातून नाद निघत नाही. कंठमण्यावर बोट ठेवून 'आई' हा शब्द आधी नेहमीसारखा आणि मग कुजबुजून उच्चारला, तर पहिल्या वेळी बोटाला जाणवलेली थरथर दुसऱ्या वेळी पूर्णपणे नाहीशी होते. तरीही शेजारी बसलेल्याला तो शब्द 'आई' असाच ऐकू येतो, 'आऊ' किंवा 'ओई' असा नव्हे. याचा अर्थ 'आ'ला 'आ' आणि 'ई'ला 'ई' करणारी गोष्ट त्या थरथरीत नसली पाहिजे. भौतिकशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे पुस्तकातली ही माहिती मला फार पूर्वीपासून होती. परंतु तिचे मोल मला उमगले ते घरातल्या एका माणसाचे स्वरयंत्र काढून टाकावे लागले तेव्हा. त्याविषयी पुढे लिहितोच. आधी नाद कुठून येतो आणि त्याचे बोलणे कसे होते हे सावकाश पाहू, कारण जन्मभर बोलणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांनी तिकडे कधी लक्ष दिलेले असते.

बोलणे म्हणजे लांबवलेला उच्छ्वास. स्वस्थ बसलेले असताना श्वास घेण्याच्या आणि सोडण्याच्या वेळांत फार अंतर नसते. बोलायला लागल्यावर मात्र आपण हवा झटकन आत ओढतो आणि ती जपून खर्च करतो, इतकी की श्वासाच्या एका फेरीतला जेमतेम दहावा हिस्सा घेण्यात जातो आणि उरलेला सारा बोलण्याला मिळतो. ताणलेली फुप्फुसे आपोआप मिटू पाहतात. त्यांना मनासारखे मिटू दिले, तर प्रत्येक वाक्य मोठ्याने सुरू होऊन पुटपुटत संपेल. म्हणून वाक्याच्या आरंभी बरगड्यांमधले स्नायू त्यांना आवरून धरतात आणि वाक्य संपत आले की पोटाचे स्नायू उरलेली हवा वर रेटतात. या सांभाळामुळे स्वरयंत्राखालचा दाब वाक्यभर जवळजवळ सारखा राहतो. साध्या संभाषणात तो ५ ते १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक टक्क्याच्या आतच. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या गर्दीत संत्र्यांच्या ढिगामागून हाका मारणारा विक्रेता तो काही पटींनी वाढवत असेल, तरीही सारा कारभार इतक्याच थोड्या भांडवलावर चालतो.

ही हवा स्वरतंतूंपाशी येते. स्वरतंतू म्हणजे सतारीसारख्या ताणलेल्या तारा नव्हेत. आत स्नायू आणि वर ओलसर, मऊ, सैल अस्तर अशा त्या दोन घड्या असतात. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर, स्त्रीमध्ये १२ ते १७ मिलिमीटर, म्हणजे नखाएवढी. जिवंत माणसाच्या गळ्यात त्यांची हालचाल कशी होते हे नीट पाहून लिहून ठेवण्याचे श्रेय एका गायनशिक्षकाला जाते. मानुएल गार्सिया यांनी १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश त्यावर पाडला आणि गाताना स्वतःचाच कंठ पाहिला. पुढच्याच वर्षी त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. विद्यार्थ्यांच्या गळ्यात काय चालले आहे हे जाणण्याची एका शिक्षकाची आच वैद्यकाच्या एका शाखेला उपयोगी पडली, याचे मला शिक्षक म्हणून फार अप्रूप वाटते.

आरशात तंतू हलताना दिसले, तरी ते का हलतात याचा वाद त्यानंतर शतकभर चालला. फ्रान्समधील राउल ह्युसाँ यांनी १९५० साली असे मांडले की प्रत्येक कंपनासाठी मेंदूकडून स्वतंत्र आज्ञा येते आणि स्नायू तेवढ्या वेळा आखडतो. पुरुषाच्या साध्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला शंभर ते सव्वाशे वेळा आणि स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास वेळा मिटतात व उघडतात. गाताना ही संख्या कितीतरी वाढते. माणसाच्या गळ्यातल्या स्नायूला इतक्या वेगाने आखडणे आणि सैल होणे झेपणारे नव्हे. १९५८ साली यानविलेम फान देन बेर्ख यांनी जी उपपत्ती नीट मांडली तीच आज मूलतः मान्य आहे: मेंदू फक्त तंतूंना जवळ आणतो आणि त्यांचा ताण ठरवतो, हलवण्याचे काम हवा करते. दाबाने तंतूंची खालची कड आधी अलग होते, मग वरची. मिटतानाही खालची कड आधी मिटते. उघडताना आणि मिटताना फटीचा आकार असा वेगवेगळा असल्यामुळे हवा तंतूंना जेवढी ऊर्जा देते त्याहून कमी परत घेते, आणि उरलेल्या ऊर्जेवर कंपन चालू राहते. दोनशे हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दोनशे कंपनांच्या, आवाजात सलग एक मिनिट बोलणाऱ्या शिक्षिकेचे तंतू त्या मिनिटात बारा हजार वेळा एकमेकांवर आपटतात, हे गणित मी वर्गात मांडायचो तेव्हा मुले आपसूक गळ्याला हात लावत.

आता स्वरतंतूंपाशी तयार होणारा हा आवाज तोंडात शिरण्याआधीच ऐकता आला, तर तो कसा असेल? एक रूक्ष गुणगुण, ज्यात ना 'आ' असतो ना 'ई'. तिच्यात मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे संनादी स्वर खच्चून भरलेले असतात आणि वर जावे तसतसे ते क्षीण होत जातात. 'आ' म्हणा की 'ऊ' म्हणा, गळ्यातला माल जवळजवळ तोच असतो. पुढचे सारे काम घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीचे आहे.

नळाखाली माठ भरताना त्याच्या आवाजावरून तो किती भरला हे घरातल्या कोणालाही न पाहता सांगता येते: पाणी वर चढते, आतला हवेचा स्तंभ आखूड होतो आणि आवाज चढत जातो. माठातली हवा पाण्याच्या खळखळाटातून आपल्या मापाची स्पंदने उचलून धरते आणि इतरांना दबू देते. तोंडाची पोकळी हेच करते, फक्त तिचे माप आणि आकार क्षणाक्षणाला बदलता येतात. प्रौढ पुरुषाच्या स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतचे अंतर सुमारे साडेसतरा सेंटिमीटर धरले, ती पोकळी सर्वत्र सारख्याच जाडीची नळी मानली आणि शरीराच्या तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर घेतला, तर एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघड्या नळीच्या नियमाने तिचे अनुनाद, म्हणजे ती उचलून धरते ती स्पंदने, ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झवर येतात. मराठीतल्या 'अ'शी मिळताजुळता, जीभ मोकळी सोडलेला स्वर तो हाच. जीभ हलली की नळीचा आकार मोडतो आणि हे अनुनाद जागा बदलतात. 'आ'साठी जबडा खाली जातो, जीभ मागे सरते आणि पहिले दोन अनुनाद साधारण ७०० व ११०० हर्ट्झच्या परिसरात एकमेकांजवळ येतात. 'ई'साठी जिभेचा मधला भाग टाळूला भिडू पाहतो आणि ते ३०० व २३०० असे दूर फेकले जातात. 'ऊ'साठी ओठांचा चंबू होतो आणि दोन्ही खाली, ३०० व ९०० च्या आसपास उतरतात. या अनुनादांना ध्वनिशास्त्रात फॉर्मंट म्हणतात. दोनच संख्या, आणि त्यांच्या जोरावर कान स्वर ओळखतो.

कुजबुजीचे कोडे इथे सुटते. कुजबुजताना तंतू थरथरत नाहीत, पण त्यांच्यामधल्या अरुंद फटीतून जाणारी हवा खवळते आणि तिचा फुसफुसाट तोंडाच्या त्याच पोकळीतून, त्याच आकारातून बाहेर पडतो. माल बदलला, साचा तोच राहिला. हेलियम वायू श्वासात घेतलेल्या माणसाचा आवाज विचित्र होतो त्याची गोष्ट बरोबर उलटी आहे. हवेच्या जवळजवळ तिप्पट वेगाने ध्वनी हेलियममधून जातो, त्यामुळे पोकळीचे अनुनाद वर सरकतात. तंतूंची कंपनसंख्या मात्र जवळपास होती तेवढीच राहते.

हे दोन भाग वेगळे आहेत, हे आधी एका यंत्रकर्त्याच्या हाताला कळले होते. व्हिएन्नाचे वोल्फगांग फॉन केम्पेलेन यांनी आपल्या बोलणाऱ्या यंत्राचे वर्णन १७९१ साली प्रसिद्ध केले: फुप्फुसांच्या जागी भाता, स्वरतंतूंच्या जागी कंप पावणारी पट्टी आणि तोंडाच्या जागी लवचिक नरसाळे, ज्याचा आकार चालवणारा हाताने बदलत असे. पुढे हर्मन हेल्महोल्ट्झ यांनी विजेवर चालणारे नादकाटे आणि अनुनादक यांच्या साहाय्याने प्रयोगशाळेत स्वर घडवून दाखवले. १९४१ साली चिबा आणि काजियामा या जपानी संशोधकांनी स्वरांच्या आकारांचे आणि अनुनादांचे गणित मांडले. आणि १९६० साली स्वीडनचे गुनार फांट यांनी नादाचा उगम आणि पोकळीची निवड यांचा सिद्धांत पूर्णत्वास नेला. वाणीची यंत्रे पुढे कित्येक वर्षे याच मांडणीच्या पायावर वाढली.

हेल्महोल्ट्झ यांचे नाव आले की नागपूरकराला आणखी एक नाव आठवायला हवे. गांधीसागर तलावासमोर ज्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र आहे, ते चंद्रशेखर वेंकट रामन वित्त खात्यात नोकरीला असताना काही काळ नागपुरात नेमणुकीवर होते. प्रकाशाच्या विकिरणामुळे ते जगाला माहीत झाले, पण त्यांची पहिली ओढ ध्वनीची होती आणि हेल्महोल्ट्झ यांच्या लेखनाचा आपल्यावर खोल परिणाम झाल्याचे ते सांगत. मृदंगाच्या शाईमुळे त्याचे स्वर एकमेकांशी संनादी होतात, हे त्यांनी १९२० साली दाखवले. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवल्याने तारेतून संनादी स्वरांची दाटी कशी उठते याचाही त्यांनी अभ्यास केला. त्या केंद्रात सहलीला गेलेली मुले आरसे आणि भोवरे पाहून परततात. त्यांना आपल्याच गळ्यातली ही जवारी कोणीतरी दाखवावी, असे मला तिथे जावे तेव्हा वाटते.

कारण ती दाखवायला उपकरणही लागत नाही. आपली वर्णमाला पुरे आहे. शाळेत क, ख, ग, घ हे आपण पाढ्यांसारखे घोकून घेतो आणि पुढे जातो. वास्तविक तो तक्ता म्हणजे मुखाचा नकाशा आहे. कंठापासून ओठांपर्यंत पाच ठिकाणी हवा अडवायची, आणि प्रत्येक ठिकाणी स्वरतंतूंशी चार वेगवेगळे व्यवहार करायचे. 'क'मध्ये अडथळा सुटल्यावर तंतू लगेच थरथरू लागतात. 'ख'मध्ये ते उघडे राहतात आणि हवेचा झोत निघून गेल्यावर मग स्वर सुरू होतो. 'ग'मध्ये अडथळा असतानाच ते थरथरत असतात. न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेतले ली लिस्कर आणि आर्थर एब्रॅमसन यांनी १९६४ साली अकरा भाषांत ही वेळ मोजून प्रसिद्ध केली, तेव्हा त्या अकरांत मराठीही होती. अडथळा सुटणे आणि थरथर सुरू होणे यांमधले अंतर 'क'मध्ये सेकंदाच्या एक हजार भागांपैकी वीस-पंचवीस भागांचे असते, 'ख'मध्ये त्याच्या तिप्पट-चौपट, आणि 'ग'मध्ये ते उलट्या बाजूला, म्हणजे सुटण्याच्या आधीच सुरू झालेले. ही एकच मोजपट्टी बहुतेक भाषांना पुरली. मराठी आणि हिंदीपाशी मात्र ती अडली, कारण 'ग' आणि 'घ' या दोहोंत थरथर आधीच सुरू असते आणि वेळेच्या हिशेबाने ते वेगळे पडत नाहीत.

'घ'चे वेगळेपण तंतूंच्या ढिलेपणात आहे. अडथळा सुटताच ते थरथरतही राहतात आणि पूर्ण मिटतही नाहीत; नाद आणि श्वास एकत्र बाहेर येतात. हे आपल्याकडे यंत्राविना, कान आणि स्वतःचा गळा यांच्या भरवशावर ओळखले गेले होते. तैत्तिरीय प्रातिशाख्य हा वेदांच्या उच्चारांवरचा प्राचीन ग्रंथ सांगतो की कंठ मिटलेला असता नाद होतो, उघडा असता श्वास, आणि दोहोंच्या मध्ये हकार. आणि हाच हकार वर्गातल्या चौथ्या अक्षरांचाही, म्हणजे घ, झ, ढ, ध, भ यांचाही आधार असतो. एकोणिसाव्या शतकात या ग्रंथाचे संपादन करणारे अमेरिकेचे मोठे संस्कृतज्ञ विल्यम ड्वाइट व्हिटनी यांना नाद आणि श्वास यांच्यामधली अशी अवस्था काही समजेना, आणि त्यांनी तसे लिहूनही ठेवले. दोष त्यांच्या विद्वत्तेचा नव्हता, त्यांच्या भाषेत 'घ' नव्हता. 'म्हातारा', 'न्हाणे', 'कोल्हा' असे शब्द खेळता खेळता बोलणारे आपल्याकडचे पाच वर्षांचे मूल ती मधली अवस्था दिवसभर वापरत असते.

'ग'कडेही थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. मागच्या बाजूला तोंड पूर्ण बंद आणि तरी तंतू हलते ठेवायचे, हे भौतिकीच्या दृष्टीने अवघड काम आहे. हवा वर येत राहते, बाहेर जायला वाट नसते, वरचा दाब वाढत खालच्या दाबाला गाठतो आणि प्रवाह थांबून नाद विझतो. 'ब' म्हणताना अडथळा ओठांपाशी असल्यामुळे गाल थोडे फुगून जागा देतात. 'ग'साठी अडथळ्यामागे जागाच थोडी उरते, म्हणून स्वरयंत्र किंचित खाली ओढून आपण ती मिळवतो. थाई भाषेत 'ब' आणि 'द' आहेत, पण 'ग' नाही, यामागे हेच कारण सांगितले जाते.

आमच्या भागातल्या बोलीचीही इथे आठवण होते. वऱ्हाडीत 'डोळा' हा 'डोया' होतो, 'काळा' हा 'काया' होतो, आणि शाळेत त्यावर लाल शाई फिरते. 'ळ'साठी जिभेचे टोक मागे वळून टाळूला टेकते आणि हवा दोन्ही बाजूंनी वाट काढते. जिभेवर अडकलेली छोटी पोकळी काही स्पंदने गिळून टाकते आणि तिसरा फॉर्मंट खाली उतरतो. 'य'मध्ये जिभेचे टोक मोकळे राहते, मधला भाग टाळूकडे उचलला जातो आणि दुसरा फॉर्मंट 'ई'सारखा उंच चढतो. कानाला इतके दूरचे दोन ध्वनी आळसाने एकाच्या जागी दुसरा येतील, असे मला वाटत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे ऐकून बसवलेली, नियमाने चालणारी घडी आहे, आणि मुलांना प्रमाण भाषा शिकवताना तिला अशुद्ध ठरवण्याची गरज नाही.

नागपूरचा उन्हाळाही बोलण्यावर आपली छाप टाकतो, पण वाटते त्या ठिकाणी नव्हे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बाहेरच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५८ मीटर असतो. थंडीतल्या १० अंशांच्या पहाटे तो ३३७ च्या आसपास असतो. हवेच्या स्तंभावर चालणाऱ्या वाद्याला एवढ्या फरकाने स्वर सोडायला भाग पाडले असते, आणि बासरीवाले ही चढ-उतार जाणतातच. आपल्या तोंडातली हवा मात्र फुप्फुसांतून आलेली, शरीराच्या उबेची आणि बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे आपले 'आ' आणि 'ई' बारा महिने जागच्या जागी राहतात. उन्हाळ्याचा फटका बसतो तो तंतूंच्या अस्तराला. कोरड्या झळांत आणि कमी पाण्यावर ते अस्तर चिकट होते आणि त्याला थरथरायला लावण्यासाठी हवेचा दाब अधिक द्यावा लागतो. त्यातच घराघरांत कुलर घरघरत असतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोम्बार यांनी १९११ साली नोंदवले. नुसता जोर वाढत नाही. पट्टी चढते, स्वर लांबतात, जबडा अधिक उघडतो आणि पहिला फॉर्मंट वर सरकतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडची घरे भांडत असल्यासारखी वाटतात याचे कारण हे आहे. पंखे आणि कुलर यांच्यावर आवाज काढून सहा-सहा तास शिकवणाऱ्या शिक्षकांचे गळे बसतात तेही याचमुळे, आणि ही गोष्ट शाळांनी त्यांच्या आरोग्याचा भाग म्हणून कधी मनावर घेतलेली मी पाहिली नाही.

आता काकाजींविषयी. माझे हे थोरले काका तरुणपणापासून बिडी ओढत. स्वरयंत्राच्या कर्करोगाचे निदान झाले तेव्हा ते सबंध काढण्यावाचून मार्ग नव्हता. शस्त्रक्रियेनंतर श्वासनलिका मानेच्या पुढच्या बाजूला उघडते आणि माणूस तिथूनच श्वास घेतो. तोंडाचा आणि फुप्फुसांचा संबंध कायमचा तुटतो. जीभ, दात, ओठ, टाळू, सारे शाबूत, पण त्यांना घडवायला नादही नाही आणि श्वासही नाही. असा माणूस कुजबुजूसुद्धा शकत नाही. काही काळाने त्यांना मानेला लावण्याचे बॅटरीवरचे यंत्र मिळाले. टॉर्चएवढे ते यंत्र हनुवटीखाली दाबून बटण दाबले की त्याची चकती थरथरते आणि ती थरथर कातडीतून घशाच्या पोकळीत शिरते.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काऊन, ऐकू येते का?" आवाज एकसुरी, यंत्राचा, कोणाचाही नसलेला, आणि तरी तो प्रश्न काकाजींनीच विचारलेला होता, यात घरातल्या कोणालाही शंका आली नाही. 'काऊन'मधला त्यांचा लांबवलेला 'ऊ', शब्दांमधले त्यांचे थांबणे, 'डोळे'च्या जागी येणारे त्यांचे 'डोये', हे सारे जागेवर होते. फांट यांची समीकरणे मी कितीदा फळ्यावर लिहिली होती! नादाचा उगम बदला, पोकळीची हालचाल तीच ठेवा, स्वर तेच राहतील. ज्याला आपण एखाद्याचा आवाज म्हणून ओळखतो त्यातला केवढा मोठा भाग जिभेच्या आणि ओठांच्या सवयींत राहतो, हे मला त्या खोलीत बसून समजले, आणि तेव्हापासून गळ्यातल्या नादाला वाणी म्हणणे मी सोडले.

जे गेले तेही थोडे नव्हते, आणि मराठी बोलणाऱ्याचे अधिक गेले. यंत्र बटण दाबले आहे तोवर थरथरतच राहते, म्हणून 'काल' हा 'गाल' ऐकू येई आणि 'पाणी' हे 'बाणी'. महाप्राण अक्षरांना तोंडातून वाहणारा श्वास हवा, तो नव्हता. म्हणून 'खोली'चा 'ख' आणि 'घर'चा 'घ' दोघेही 'ग'जवळ येऊन मिसळत. ज्या भाषांत एका ठिकाणी दोनच ध्वनी आहेत त्यांचे दोनाचे एक होते, आपल्या भाषेत चारांचे एक. वाचोपचार शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना तोंडातच कोंडलेली थोडी हवा जिभेने वा ओठांनी दाबून सोडायला शिकवले, त्यामुळे 'प', 'त', 'क' यांना पुन्हा थोडी धार आली आणि 'स'सुद्धा जमू लागला. प्रश्नाचा चढता सूर मात्र यंत्राला काढता येत नव्हता, तेव्हा काकाजी प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी 'का' जोडू लागले.

अलीकडे श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एकमार्गी झडप बसवतात. १९८० च्या सुमारास सिंगर आणि ब्लोम यांनी अमेरिकेत ती रूढ केली. मानेवरचे छिद्र बोटाने बंद केले की फुप्फुसांतली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिच्या वरच्या भागाच्या भिंती थरथरतात आणि खर्जातला, घोगरा, पण स्वतःच्या श्वासावर चालणारा आवाज निघतो. तोंडातून हवा पुन्हा वाहू लागल्यामुळे व्यंजनांना बळ येते. काकाजींच्या बाबतीत वैद्यांनी ती सुचवली नाही, म्हणून आम्ही यंत्रावरच काम करायचे ठरवले.

दुपारच्या वेळी मी वर्णमालेचा तक्ता घेऊन त्यांच्यासमोर बसत असे. ते एकेक अक्षर उच्चारत, माझी सून पाठमोरी बसून ऐकू आले ते लिहीत असे आणि आम्ही ताडून पाहत असू. सगळे स्वर ओळखू येत. म, न, ल, र, य, व यांना कधी अडचण आली नाही, कारण ही अक्षरे सतत चालणाऱ्या थरथरीवरच उभी असतात. पहिल्या आणि तिसऱ्या अक्षरांत गोंधळ होई, पण शब्दात घातली की संदर्भाने निभावून जाई. दुसऱ्या आणि चौथ्या अक्षरांची आशा आम्ही सोडली. 'ह' तर मुळीच उमटत नसे, कारण तंतूंच्या फटीतून जाणाऱ्या श्वासाखेरीज त्याच्यापाशी दुसरे काही नाही. त्या यादीवरून आम्ही रोजच्या वापरातले शब्द निवडले. 'घर' ऐवजी काकाजी 'वाडा' म्हणत, 'खोली' ऐवजी 'दालन', 'भाऊ' ऐवजी नाव घेत, आणि 'हो' म्हणायचे असेल तेव्हा 'बरं' म्हणत.